गाव कुठलं?

दिवाळीच्या चार दिवस आधी पुण्यातून बाहेर पडणारी गर्दी दोन ठिकाणी नीट पाहता येते. एक संगमवाडीला. तिथे खासगी ट्रॅव्हल्सच्या गाड्या लागतात आणि काचांवर लातूर, अहमदपूर, नांदेड, परभणी, जिंतूर, पुसद, वाशीम, अकोला अशी नावं झळकतात. तिकिटाचा दर रोज बदलतो. तरी खांद्यावर सॅक आणि हातात मिठाईचा पुडा घेतलेली पोरं उभ्यानं जायला तयार असतात. दुसरी गर्दी पुणे स्टेशनवर असते. दानापूर, दरभंगा, गोरखपूरच्या गाड्यांसाठी जनरल डब्याची रांग फलाटावर आदल्या रात्रीपासून धरलेली असते. या लोकांना दिवाळीपेक्षाही तिच्यानंतर सहाव्या दिवशी येणारी छठ गावी करायची असते. हावड्याला जाणाऱ्या आझाद हिंद एक्स्प्रेसमध्ये बंगाल आणि झारखंडकडची माणसं, वाराणसीच्या ज्ञानगंगेत पूर्व उत्तर प्रदेशातली.

संगमवाडी ते स्टेशन हे अंतर फार तर दोन किलोमीटर. पण या दोन गर्दी एकमेकींना ओळखत नाहीत. शहरही त्यांना नीट ओळखत नाही. या आठवड्यात मात्र मेसचे डबे बंद होतात, बांधकामांवरच्या क्रेन थांबतात, सोसायटीचा वॉचमन आठ दिवस बदली माणूस देऊन जातो, घरी आजीला सांभाळायला ब्युरोतून येणारी बाई सुट्टी मागते. मग पुणेकर म्हणतो, शहर कसं रिकामं, छान वाटतंय. त्याचं वाटणं मी समजू शकतो. पण ज्यांच्या जाण्यानं शहर थांबतं ती माणसं कोण आहेत, कुठल्या तालुक्यातून, कुठल्या जिल्ह्यातून आली आहेत आणि कशासाठी, हे आपल्या शहराला माहीत असायला हवं. ते माहीत नाही, हीच माझी तक्रार आहे आणि हा लेख त्यासाठीच आहे.

पुणं हे आलेल्यांचंच शहर आहे. बाजीरावांनी १७३० च्या सुमारास शनिवारवाडा बांधायला घेतला तेव्हा कोकणातून घाट चढून आलेली घराणी, त्यांच्यामागून आलेले गुजराती आणि मारवाडी सावकार, बोहरी व्यापारी, वेगवेगळे कारागीर यांनी पेठा भरल्या. रविवार पेठेतली बोहरी आळी त्या वस्तीची साक्ष आहे. १८१८ नंतर इंग्रजांची छावणी पडली आणि लष्कर नावाचं दुसरंच पुणं उभं राहिलं. त्यात पारशी होते, तमिळ भाषक होते, बेने इस्रायली होते, बगदादी ज्यू होते. आपण ज्याला लाल देऊळ म्हणतो ते सिनेगॉग डेव्हिड ससूनच्या पैशानं १८६७ मध्ये पुरं झालं. फाळणीनंतर सिंधी निर्वासित पिंपरीच्या कॅम्पात उतरले आणि त्यांनी तिथली बाजारपेठ घडवली. ज्या अमृततुल्य चहाला आपण अस्सल पुणेरी म्हणतो, तो राजस्थानातून आलेल्या श्रीमाळी ब्राह्मणांनी पितळी भांड्यात उकळून आपल्याला प्यायला शिकवला. इराण्यांचा बन-मस्का आणि कयानींची श्रूजबेरी बिस्किटं यांचीही तीच गोष्ट. पुणेरी म्हणून जे जे मिरवावं, त्याच्या मुळाशी कुणीतरी गाव सोडून आलेला माणूस सापडतो.

आणि एके काळी या शहराला स्वतःविषयी जिज्ञासाही होती. गोखले अर्थशास्त्र संस्था १९३० मध्ये स्थापन झाली. धनंजयराव गाडगीळांनी १९३६-३७ मध्ये शहराची घरोघरची पाहणी करवली. कोण कुठला धंदा करतो, किती कमावतो, किती जण एका खोलीत राहतात, हे कार्यकर्त्यांनी वाड्या-चाळींत फिरून टिपलं. त्या पाहणीचा पहिला भाग १९४५ मध्ये आणि दुसरा १९५२ मध्ये छापला गेला. १९५४ मध्ये सोवनी, आपटे आणि पेंडसे यांनी पुन्हा पाहणी केली आणि दोन पाहण्यांमधल्या वर्षांत शहर कसं बदललं ते मांडलं. भारतात एखाद्या शहराचं असं सामाजिक-आर्थिक सर्वेक्षण होण्याची ती अगदी सुरुवातीची उदाहरणं आहेत. ज्या शहरानं हे काम देशाला शिकवलं, त्याच्याकडे आज स्वतःची ताजी शिरगणतीसुद्धा नाही.

शेवटची जनगणना २०११ ची. तेव्हा पुणे महापालिका हद्दीत सुमारे ३१ लाख आणि पिंपरी-चिंचवडमध्ये सुमारे १७ लाख २७ हजार माणसं होती. २००१ ते २०११ या दहा वर्षांत पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या सुमारे ७० टक्क्यांनी वाढली होती. इतकी वाढ पाळण्यांनी होत नाही, ती एसटीनं आणि रेल्वेनं होते. त्यानंतर २०२१ ची जनगणना कोविडमुळे लांबली आणि लांबतच गेली. मधल्या काळात चाकण, तळेगाव, रांजणगाव, हिंजवडी, वाघोली यांचं काय झालं हे आपण डोळ्यांनी पाहतो, पण त्याचा आकडा आपल्यापाशी नाही.

डोळ्यांनी जे दिसतं ते मात्र पुष्कळ आहे, आणि त्यात प्रदेशाप्रदेशाचा फरक स्पष्ट आहे.

आधी मराठवाडा. हे नातं १९७२ च्या दुष्काळात घट्ट झालं. गावात खडी फोडून झाली, सुकडी खाऊन झाली, आणि बीड, उस्मानाबाद, लातूरकडची कुटुंबं पुण्याच्या वाटेला लागली. त्यात भूमिहीन दलित कुटुंबं मोठ्या संख्येनं होती. पुरुष हमालीला, बिगारीला गेले. बाया कचऱ्यातून कागद, काच, पत्रा वेचू लागल्या. बाबा आढावांची हमाल पंचायत, १९६९ चा माथाडी कायदा, १९७४ मध्ये सुरू झालेलं ‘कष्टाची भाकर’ हे भोजनगृह, पुढे १९९३ मध्ये उभी राहिलेली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत आणि तिच्यातून आलेली ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था. हा सगळा इतिहास गाव सोडून आलेल्या माणसांनी घडवला आहे. आज आपल्या दारातून ओला-सुका कचरा नेणाऱ्या बाईला तिचं माहेर विचारून पाहा. बऱ्याचदा मराठवाड्यातल्या किंवा सोलापूर-नगरच्या दुष्काळी पट्ट्यातल्या तालुक्याचं नाव येईल.

दुसरी लाट कारखान्यांची. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ मध्ये पिंपरीत आली, मागून टेल्को, बजाज. १९७० मध्ये पिंपरी-चिंचवड नगरपालिका झाली, १९८२ मध्ये महापालिका. त्या काळात जो कंपनीत लागला तो कायम झाला, त्यानं प्राधिकरणात घर बांधलं, धाकट्या भावाला शिकायला आणलं. गावाकडे ‘कंपनीत लागला’ या दोन शब्दांना जे वजन होतं ते त्या पिढीनं मिळवलेलं आहे.

आज तेच दोन शब्द उच्चारले जातात, पण त्यांच्या मागचा अर्थ पोकळ झाला आहे. आयटीआय किंवा डिप्लोमा झालेला औसा, केज, गंगाखेडचा मुलगा भोसरीत किंवा चाकणला येतो तो ट्रेनी म्हणून किंवा ठेकेदाराच्या हजेरीपटावर. सहा-सात महिन्यांनी त्याला ब्रेक देतात, म्हणजे घरी बसवतात, आणि पुन्हा नव्या नावानं, नव्या ठेकेदाराकडे घेतात. एका खोलीत पाच-सहा जण, पाळीपाळीनं झोपणारे. दिवसपाळीचा उठला की रात्रपाळीचा त्याच गादीवर पडतो. महिन्याकाठी उरेल ते गावी जातं. गावी त्या पैशावर बोअर घेतलेली असते, बहिणीच्या लग्नाचं कर्ज असतं, नाहीतर सोयाबीनचा भाव पडल्यामुळे राहिलेली दुकानदाराची उधारी असते. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी नेऊन लातूर जगवावं लागलं. त्यानंतर पाऊस बरा झाला, पण गेलेली पोरं परत आली नाहीत. दुष्काळ माणसाला गावाबाहेर ढकलतो, पुढच्या वर्षीचा पाऊस त्याला परत बोलावत नाही.

यात लग्नाचा भाग मोठा आहे आणि आकडेवारीवाले त्याकडे फार लक्ष देत नाहीत. मराठवाड्यातल्या मुलीचा बाप आज स्थळ पाहताना जमीन किती हे विचारतो, पण त्याआधी मुलगा पुण्याला आहे का हे विचारतो. शेती करणाऱ्या, गावात राहणाऱ्या मुलाचं लग्न जमत नाही. त्यामुळे घरची पाच एकर बागायत सोडून कंपनीत बारा तास उभं राहणारी मुलं आहेत. पगार शेतीपेक्षा जास्त आहे म्हणून ती आलेली नाहीत, पत्ता पुण्याचा हवा म्हणून आली आहेत. जनगणनेच्या फॉर्मात स्थलांतराची कारणं नोंदवतात: रोजगार, व्यवसाय, शिक्षण, विवाह वगैरे. ‘विवाह’ या रकान्यात नवऱ्याघरी आलेल्या बायका येतात. लग्न जमावं म्हणून शहरात आलेला मुलगा कुठल्या रकान्यात घालणार?

बीडच्या ऊसतोडीचं आणि पुण्याचंही नातं आहे, ते फारसं दिसत नाही इतकंच. बीड, पाथर्डी, जामखेडकडची जोडपी दसऱ्यानंतर मुकादमाची उचल घेऊन कारखान्यावर जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता, अशी तिथली मोजणी आहे. पुणे जिल्ह्यातल्या दौंड, इंदापूर, बारामतीच्या फडांत ती पाचटाच्या कोपीत राहतात. यांची पुढची पिढी कोयता हातात घ्यायला नाकारते आणि त्याच रस्त्यानं थोडं पुढे, हडपसर-मांजरीपर्यंत येते. कुणी डिलिव्हरी करतो, कुणी रिक्षा चालवतो, कुणी सिक्युरिटीत लागतो. या मुलांना शहरानं कमी लेखू नये. आईबापांनी उचलीत काढलेलं आयुष्य त्यांनी एका पिढीत मागे टाकलं आहे.

एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. गावात ग्रामपंचायतीची निवडणूक लागली की उमेदवार पुण्याला गाड्या पाठवतो. भोसरीतल्या कुठल्या गल्लीत आपल्या गावची किती घरं, चाकणला किती, नऱ्ह्याला किती, कुणाचा फोन नंबर काय, कुणाची कुठली पाळी, ही सगळी यादी त्याच्या खिशात असते. मतदानाच्या आदल्या रात्री माणसं गाडीत बसतात, मत देऊन परत कामावर हजर होतात. पाच-सातशे मतांच्या गावाला आपली माणसं पुण्यात कुठे राहतात हे नेमकं ठाऊक असतं. महापालिकेला नसतं.

विदर्भाची तऱ्हा वेगळी. तिकडून पुण्याला येणारा मोठा वर्ग अभियंत्यांचा आहे. नागपूर, अमरावती, अकोला, बुलढाणा, यवतमाळला कॉलेजं निघाली, पदव्या मिळाल्या, पण नोकरी देणारी कंपनी तिथे आली नाही. मग हिंजवडी आणि खराडी. वाकड-हिंजवडी भागात सकाळी तर्री-पोह्यांच्या गाड्या आणि रात्री सावजी जेवणाच्या पाट्या दिसतात त्या यांच्यामुळे. ऑगस्ट २०२५ मध्ये नागपुरातल्या अजनीहून पुण्याला वंदे भारत सुरू झाली. पण तिकीट परवडणाऱ्यांची ती गाडी आहे. यवतमाळचा मजूर अजून ट्रॅव्हल्सच्या मागच्या सीटवरच येतो. खान्देशची माणसं पिंपरी-चिंचवडमध्ये इतकी रुजली की श्रावणात तिथे कानबाईचा उत्सव होतो, अहिराणी गाणी होतात, भरीत-पुरीचे मेळे भरतात. ज्या प्रदेशाची माणसं सण घेऊन येतात ती राहायला आलेली असतात, असं खुशाल समजावं.

पेठांमधलं स्थलांतर तर डोळ्यांसमोर असून दिसत नाही. सदाशिव, नारायण, शनिवार, नवी पेठ इथल्या वाड्यांची मुलं अमेरिकेत, जर्मनीत. मागे राहिलेल्या आजी-आजोबांनी वरच्या खोल्या कॉट बेसिसवर दिल्या आहेत आणि त्या खोल्यांत हिंगोली, परभणी, जालना, धाराशिवची मुलं-मुली स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतात. सकाळी सातला अभ्यासिकेत जागा धरायची, दुपारी मेस, संध्याकाळी एक चहा, रात्री अकरापर्यंत पुन्हा पुस्तक. बाप गावाकडून महिन्याला पैसे पाठवतो. काही वेळा त्यासाठी एक म्हैस विकलेली असते. मार्च २०२१ मध्ये राज्यसेवेची पूर्वपरीक्षा ऐनवेळी पुढे ढकलली तेव्हा हीच मुलं रस्त्यावर उतरली. २०२३ च्या सुरुवातीला वर्णनात्मक पद्धतीवरून पुन्हा आंदोलन झालं आणि लोकसेवा आयोगानं ती पद्धत २०२५ पासून लागू करायचं ठरवलं. पण जागा शेकड्यांत आणि अर्ज लाखांत, हे गणित कुठल्याही आंदोलनानं सुटत नाही. पंचविशीत आलेला मुलगा बत्तिशीत पेठ सोडतो तेव्हा त्याच्या हातात पदवी असते, चालू घडामोडींचं अफाट ज्ञान असतं आणि अनुभवाच्या रकान्यात शून्य असतं. गावी तोंड दाखवायला नको म्हणून त्यातले काही इथेच मेस टाकतात, अभ्यासिका चालवतात, नव्या मुलांना शिकवतात. या मुलांविषयी राज्यानं गंभीरपणे विचार करायला हवा. मला हा प्रश्न पुण्यातल्या कुठल्याही उड्डाणपुलापेक्षा मोठा वाटतो.

परदेशातून येणारे विद्यार्थी हाही पुण्याचा जुना धागा. सिंबायोसिस १९७१ मध्ये निघाली ती मुळात परदेशी विद्यार्थ्यांच्या अडचणी पाहून. इराण, अफगाणिस्तान, येमेन, आफ्रिकेतले देश इथली मुलं शहरात दिसतात. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल पडलं तेव्हा पुण्यातल्या अफगाण विद्यार्थ्यांवर परतायचं कुठे असा प्रश्न अक्षरशः एका रात्रीत आला.

आता ती दुसरी गर्दी, रेल्वे स्टेशनवरची.

पुण्याच्या बांधकामाचा कणा पूर्वी उत्तर कर्नाटकाचा होता. विजयपूर, कलबुर्गी, यादगीरकडची माणसं, लमाणी तांडे, दगड फोडणारे वडार. सेनापती बापट रस्त्यालगतची वडारवाडी आहेच. महापालिकेला कानडी माध्यमाच्या शाळा चालवाव्या लागतात, त्यामागेही या वस्त्या आहेत. गेल्या वीसेक वर्षांत चित्र पालटलं. सेंटरिंग, सळई, प्लास्टर या कामांत बिहारचा कटिहार-पूर्णियाकडचा पट्टा आणि बंगालचे मालदा-मुर्शिदाबाद जिल्हे आले. प्लंबर म्हटलं की ओडिशाचा केंद्रपाडा जिल्हा. देशभर प्लंबर पुरवणारा तो एक जिल्हा आहे. सुतारकाम, रंगकाम यांत पूर्व उत्तर प्रदेश. रविवार पेठेत सोन्याचं बारीक काम करणारे कारागीर बंगाली. एकेका कामाला एकेक जिल्हा चिकटण्याचं कारण साधं आहे: ठेकेदार आपल्या गावातून माणसं आणतो, त्यांना उचल देतो, आणि त्या उचलीनं बांधून ठेवतो. ऊसतोडीच्या मुकादमाची पद्धत आणि सेंटरिंगच्या ठेकेदाराची पद्धत यांत मला फरक दिसत नाही.

कुठल्या बांधकामावर कुठल्या जिल्ह्याची माणसं आहेत हे शहराला कधी कळतं? भिंत पडते तेव्हा. २९ जून २०१९ च्या पहाटे कोंढव्यात एका सोसायटीची सीमाभिंत शेजारच्या बांधकामावरच्या पत्र्याच्या खोल्यांवर कोसळली. १५ जण गेले, त्यात लहान मुलं होती. बहुतेक बिहारमधल्या कटिहारचे. तीनच दिवसांनी आंबेगावात दुसरी भिंत पडली, सहा मजूर गेले. ३ फेब्रुवारी २०२२ च्या रात्री येरवड्यात स्लॅबच्या सळयांचा सांगाडा कोसळून पाच जण गेले, बिहारचे. ऑक्टोबर २०२४ मध्ये, दिवाळी आठवड्यावर आलेली असताना, भोसरीत मजूर वस्तीतली पाण्याची टाकी फुटून तिच्याखाली आंघोळ करणारे पाच जण गेले. आणि २२ डिसेंबर २०२४ ची ती रात्र. अमरावतीकडून कामासाठी आलेली कुटुंबं वाघोलीजवळ केसनंद फाट्यावर पदपथावर झोपली होती. मध्यरात्रीनंतर डंपर त्यांच्यावर चढला. तीन जण गेले, त्यातली दोन लहान मुलं. त्यांनी पुण्यात धड एक दिवसही काढला नव्हता.

प्रत्येक वेळी दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात मृतांची नावं, वयं, गाव, जिल्हा छापून येतं. पुण्यातल्या मजुरांच्या मूळ गावांची इतकी तपशीलवार यादी एरवी कुठेच मिळत नाही. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी १९७९ मध्ये कायदा झाला, बांधकाम कामगारांसाठी १९९६ मध्ये. बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर जमा होतो, कल्याणकारी मंडळाकडे पैसा आहे. पण नोंदणीसाठी ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो आणि दर दोन महिन्यांनी साइट बदलणाऱ्या माणसाला तो द्यायला कुणी तयार नसतं. ऑगस्ट २०२१ मध्ये ई-श्रम पोर्टल आलं. त्यात माणसाची नोंद झाली, पण तो आज कुठल्या साइटवर आहे हे त्यातून कळत नाही.

मोजायचे नवे मार्गही निघाले आहेत. पंतप्रधानांच्या आर्थिक सल्लागार परिषदेसाठी बिबेक देबरॉय आणि देवी प्रसाद मिश्रा यांनी रेल्वेची अनारक्षित तिकिटं, मोबाइलचं रोमिंग आणि बँकांतून जाणारे पैसे यांवरून देशातल्या स्थलांतराचा अंदाज बांधला. तो डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. २०२३ मध्ये देशात सुमारे ४० कोटी २० लाख स्थलांतरित असावेत, म्हणजे २०११ पेक्षा सुमारे १२ टक्के कमी, असा त्यांचा निष्कर्ष आहे. लहान शहरांत आणि गावांत सोयी वाढल्यामुळे माणसं थांबत असावीत, असं त्यांना वाटतं.

प्रयत्न कल्पक आहे, पण पुण्यात बसून हा निष्कर्ष स्वीकारणं मला जड जातं. संगमवाडीला गाडीत बसणारा मुलगा रेल्वेचं तिकीट काढतच नाही. अहमदपूरहून, जिंतूरहून, पुसदहून येणारा जवळपास प्रत्येक जण ट्रॅव्हल्सनं नाहीतर एसटीनं येतो. तो राज्यातल्या राज्यात फिरतो, म्हणून रोमिंगमध्येही सापडत नाही. महिन्याचे पैसे तो फोनवरून एका क्षणात पाठवतो. पुण्याच्या स्थलांतराचा मोठा हिस्सा याच महाराष्ट्रातल्या कोरड्या तालुक्यांतून येतो आणि रेल्वेच्या आकड्यांना तो दिसतच नाही. शिवाय जे दोन-चार महिन्यांपुरते येतात, ऊस तोडून, भात लावून उरलेल्या दिवसांत वारज्याच्या, कात्रजच्या, डांगे चौकाच्या मजूर अड्ड्यावर उभे राहतात, त्यांना ना जनगणना पकडते ना नमुना पाहणी. सकाळी साडेसातला अड्ड्यावर शे-दोनशे माणसं असतात. दहा वाजता ज्यांना काम मिळालं नाही ती डबा उघडून तिथेच बसलेली असतात.

न मोजण्याची किंमत असते, आणि ती नळाला कळते. २०१७ मध्ये ११ आणि जून २०२१ मध्ये २३ गावं महापालिकेत आली. पुणं क्षेत्रफळानं राज्यातलं सर्वांत मोठं शहर झालं म्हणून बातम्या झाल्या. या गावांत घरभाडं कमी असतं म्हणून नव्यानं आलेला माणूस तिथेच खोली घेतो. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्यालगत नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागात गिया बारे सिंड्रोमचे रुग्ण एकामागून एक सापडू लागले. पायांतली शक्ती जाणारा, श्वास थांबवणारा आजार. संशयित आणि निश्चित मिळून दोनशेहून अधिक रुग्ण झाले. बोट दूषित पाण्याकडे होतं. खडकवासला धरणाच्या इतक्या जवळ राहून या भागाला विहिरीचं, शुद्धीकरण न झालेलं पाणी मिळत होतं. किती माणसांसाठी जलशुद्धीकरण केंद्र बांधायचं हे ठरवताना हाताशी २०११ चा आकडा असेल, तर असंच होणार.

परप्रांतीय हा विषय निघाला की आवाज चढतात. फेब्रुवारी २००८ मध्ये उत्तर भारतीयांविरुद्ध आंदोलन पेटलं तेव्हा पुण्या-नाशकातून कामगार गाड्या भरभरून परत गेले आणि बांधकामं, कारखाने यांना त्याची झळ बसली. एप्रिल-मे २०२० मध्ये, टाळेबंदीत, ते पुन्हा गेले, या वेळी भुकेपोटी. आणि तेव्हाच औसा-केजची मुलंही दुचाकीवरून, टेम्पोत लपून, पायी आपल्या गावाला निघाली होती. गावानं त्यांना शाळेत विलगीकरणात ठेवलं. मराठी माणसाच्या रोजगाराची काळजी खरी आहे, ती मलाही आहे. पण चाकणला दर सात महिन्यांनी ब्रेक मिळणाऱ्या लातूरच्या मुलाची नोकरी कटिहारच्या मुलानं घेतलेली नाही. दोघांनाही कायम न करता राबवून घेण्याची सोय आपण चालू दिली आहे. भाषेचा मुद्दाही असाच. मराठवाड्याच्या मुलाच्या बोलण्याला पुण्याच्या कॉलेजात हसतात हे ज्या शहराला खटकत नाही, त्यानं मराठीच्या अभिमानाचं नाव घेण्याआधी थोडं थांबावं.

जिथे कुणी मोजायला गेलं तिथे फरक पडला, याचं उदाहरण पुण्यातच आहे. रजनी परांजपे आणि बीना शेठ लष्करी यांनी १९८८ मध्ये मुंबईत सुरू केलेली ‘डोअर स्टेप स्कूल’ १९९३ पासून पुण्यात काम करते. त्यांचे कार्यकर्ते साइटवर जातात, पत्र्याच्या खोल्यांमधून शाळेत न जाणारी मुलं शोधतात, त्यांची नावं लिहून घेतात आणि त्यांना जवळच्या महापालिका शाळेत पोचवतात. बाप साइट बदलतो तेव्हा मूल कुठे गेलं याचा माग ठेवायची धडपड करतात. ‘तारा मोबाइल क्रेशेस’ साइटवर पाळणाघरं चालवते. या कामाला मोठं तंत्रज्ञान लागलं नाही. एक माणूस, एक वही आणि साइटच्या फाटकातून आत जाण्याची परवानगी एवढंच लागलं. ती परवानगीच सर्वांत अवघड होती, आणि अजून आहे.

आता जनगणनेची तारीख ठरली आहे. संदर्भ तारीख १ मार्च २०२७. त्याआधी २०२६ मध्ये घरयादी आणि फेब्रुवारी २०२७ मध्ये प्रत्यक्ष माणसांची मोजणी. ती मोबाइलवर होईल, स्वतःची नोंद स्वतः करण्याचीही सोय असेल. जन्म कुठे झाला, याआधी कुठे राहत होता, इथे कधी आणि कशासाठी आला, हे प्रश्न जनगणनेत विचारले जातात. सोळा वर्षांनी अशी संधी येते आहे. फेब्रुवारीत ऊसतोड संपलेली नसते, बांधकामं जोरात असतात, अभ्यासिका भरलेल्या असतात. म्हणजे सगळे इथेच असतील. २०११ मध्ये बेघरांची मोजणी २८ फेब्रुवारीच्या एका रात्रीत झाली होती. केसनंद फाट्यासारख्या जागा पुण्यात किती आहेत याची यादी दोन्ही महापालिकांनी आधीच करून ठेवली, तर त्या एका रात्रीत कुणी सुटणार नाही. साइटच्या फाटकावर प्रगणकाला अडवू नये असा आदेश कामगार विभागानं बांधकाम व्यावसायिकांना आत्ताच द्यावा. आणि गोखले संस्था, विद्यापीठ यांनी गाडगीळांची पाहणी तिसऱ्यांदा हाती घ्यावी.

वाचकांकडे माझं मागणं छोटं आहे. तुमच्या सोसायटीत प्रगणक येईल तेव्हा त्याला जिन्याखालच्या वॉचमनच्या खोलीपर्यंत घेऊन जा. वाड्यातल्या वरच्या खोलीत कॉटवर राहणाऱ्या पाच मुलांची नावं ‘ते भाडेकरू आहेत’ म्हणून वगळू नका. ती मुलं ‘आमची नोंद गावाकडे होईल’ म्हणतील, तर त्यांना समजावून सांगा की सहा महिन्यांहून जास्त जिथे राहता तिथलंच पाणी, दवाखाना आणि शाळा तुम्हाला लागतात. शेजारी बांधकाम चालू असेल तर त्या पत्र्याच्या खोल्यांकडे कुणी गेलं का, एवढं विचारा. नसेल गेलं, तर प्रभाग कार्यालयात फोन करा आणि ती मोजणी होईपर्यंत पाठपुरावा सोडू नका.